पुसट फोटोंचे चार गठ्ठे: सिडकोतल्या एका डायकास्ट संग्रहाचं प्रकरण

प्रकरणातले काका नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका टूलरूममधून, म्हणजे साचे आणि अवजारं घडवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले. राहायला सिडकोत, पहिल्या मजल्यावर. दिवाणखान्यात काचेचं कपाट आणि त्यात डायकास्ट गाड्या, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली खऱ्या गाड्यांची छोटी मॉडेलं: बहुतेक १:६४ स्केलच्या, म्हणजे जेमतेम सात सेंटीमीटर लांब, काही १:४३ आणि मोजक्या १:१८. शिवाय एक गाडी त्यांनी स्वतः घडवलेली आहे. पितळी पत्रा कापून, कानशीने घासून केलेली १:२० ची बोलेरो. खरी बोलेरो सातपूरच्याच महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडते आणि तिची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे. काकांची गाडी वीस सेंटीमीटरची आहे. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा प्रमाणात.

हा संग्रह पुढे नातवंडांत वाटला जाणार. त्याआधी प्रत्येक गाडीचा एक नेटका फोटो ८ बाय १२ च्या प्रिंटमध्ये अल्बमला लावायचा, एवढीच त्यांची इच्छा. हाताशी मुलाचा जुना २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आणि नवा घेतलेला हलका ट्रायपॉड. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो बरे दिसले म्हणून त्यांनी एक मोठा गठ्ठा प्रिंट करून आणला, आणि प्रिंटमध्ये जवळजवळ सगळेच पुसट निघाले. कुणी सांगितलं ट्रायपॉड घ्या, तो घेतला. मग कुणी सांगितलं की मॅक्रो लेन्सशिवाय, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या खास लेन्सशिवाय, हे काम होणारच नाही. तिची किंमत ऐकून काकांनी मला फोन केला. मी नाशिकमध्ये वस्तूंचे फोटो काढते, दागिने आणि वाइनच्या बाटल्या जास्त. "अगं, तू म्हणालीस तर घेतो लेन्स," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, आधी ते प्रिंट बघू. एकही फेकून देऊ नका."

फोटो पुसट आला की लोक ताबडतोब काहीतरी बदलतात. आधी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता), मग कॅमेरा, मग लेन्स. पण पुसटपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारण फोटोत आपली खूण सोडून जातं. ती खूण वाचल्याशिवाय केलेला उपाय लागू पडला तर नशीब. मला या प्रकरणातून मुख्य सांगायचं आहे ते हेच, आणि ते मी काकांना कॅमेरा हातात घेण्याआधी सांगितलं.

प्रिंटची वर्गवारी

आम्ही सगळे प्रिंट पलंगावर पसरले आणि भिंग घेऊन बसलो. डायकास्ट गाडीवर एक फार उपयोगी गोष्ट असते: चकाकी. क्रोमच्या बंपरवर, आरशावर, चाकाच्या रिमवर दिव्याचे बारीक ठिपके पडतात. फोटोत तो ठिपका कसा दिसतो, त्यावरून निदान होतं.

ठिपक्याची रेघ झाली असेल आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला असतील, तर काहीतरी हललं आहे. ठिपका फुगून गोल तबकडी झाला असेल, तर ती जागा फोकसच्या बाहेर आहे. तबकडी असेल पण फोटोत दुसरीकडे कुठेतरी काही धारदार असेल, तर फोकस भलत्या जागी बसला आहे. फोटोत कुठेच काही धारदार नसेल, तर कॅमेरा लेन्सच्या किमान अंतरापेक्षा जवळ नेलेला असतो, नाहीतर लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असतो, नाहीतर अंधारात आयएसओ खूप चढून कॅमेऱ्याने बारकावे घोटून टाकलेले असतात.

चार गठ्ठे पडले: हललेले, भलत्या फोकसचे, नाक स्पष्ट पण शेपूट पुसट असे, आणि सगळीकडून मऊ असे. सगळ्यात मोठा गठ्ठा तिसरा निघाला. म्हणजे काकांना ज्या कंपाची भीती होती आणि ज्यासाठी त्यांनी ट्रायपॉड आणला, तो मुख्य दोष नव्हताच. तरी हललेल्यांचा गठ्ठाही लहान नव्हता, आणि त्यातले बरेच ट्रायपॉडवरून काढलेले होते. ते का, हे आधी शोधायला हवं होतं.

ट्रायपॉडवर असूनही हललेले

गाड्या दिवाणखान्यातल्या घडीच्या टेबलावर, ट्रायपॉड जमिनीवर, डोक्यावर पंखा. पंखा बंद करून बघा, एवढंच मी म्हणणार होते. काका उठले आणि आतून त्यांचं डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने मोजणारं यंत्र, घेऊन आले, मॅग्नेटिक स्टँडसकट. स्टँड लोखंडी कपाटाला चिकटवला आणि गेजचं टोक टेबलाच्या कडेला टेकवलं. पंखा पूर्ण वेगात असताना काटा पाच घरं मागेपुढे होत होता, म्हणजे ५० मायक्रॉन. नातू शेजारून चालत गेला तेव्हा वीस घरं, २०० मायक्रॉन.

आता हे आकडे फोटोत उतरवून पाहू. सात सेंटीमीटरची गाडी चौकटीत नीट भरली, की काकांच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) तिची प्रतिमा खऱ्या मापाच्या साधारण ०.२३ पट पडते. म्हणजे टेबल ५० मायक्रॉन हललं तर प्रतिमा साधारण १२ मायक्रॉन सरकते. २४ मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा असतो. पंख्याने तीन पिक्सेल, चालण्याने बारा. माणसाचा किंवा देवळाचा फोटो काढताना हे जाणवणारही नाही. लहान वस्तू मोठी करून दाखवताना तिची हालचालही मोठी होते, आणि इथे कॅमेरा स्थिर होता, हलत होती ती गाडी.

उपाय काकांनीच सांगितला, आणि तो माझ्या उपायापेक्षा सरस होता. ते म्हणाले, "जॉब आणि गेज एकाच सरफेस प्लेटवर पाहिजेत. एक टेबलावर, एक जमिनीवर, असं माप कसं घ्यायचं?" सरफेस प्लेट म्हणजे मापं घेताना वापरायची पक्की सपाट पाटी. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा होता, भिंतीत बसवलेला. काकूंचा दुपारचा निवांत वेळ मागून घेतला. गाडी ओट्यावर, आणि कॅमेराही ओट्यावरच, तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर. ओटा थरथरलाच तर दोघं बरोबर थरथरतील. फोटोला फरक पडतो तो दोघांच्या आपसातल्या हालचालीने. ट्रायपॉड कपाटात गेला. तो फेकायच्या लायकीचा नाही, पण त्याचा मधला दांडा पूर्ण वर काढून वापरला की हलका ट्रायपॉड काठीसारखा डोलतो, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

उरलेलं चटकन सांगते. बटण बोटाने दाबायचं नाही. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बोटाचा धक्का विरून जातो. डीएसएलआरमध्ये फोटो घेताना आतला आरसा उडतो आणि त्याचा हादरा १/६० ते १/४ सेकंद अशा शटर स्पीडला सगळ्यात जास्त दिसतो. लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर चित्र बघत, काढलं तर बहुतेक कॅमेऱ्यांत आरसा आधीच वर असतो. लेन्सवरचा स्टॅबिलायझर कॅमेरा टेकवलेला असताना बंद ठेवायचा. कॅमेरा हातात धरून काढायची वेळ आलीच, तर लक्षात ठेवा की स्टॅबिलायझर मुख्यतः कॅमेरा कलण्याची भरपाई करतो. इतक्या जवळून कॅमेरा आडवा-उभा सरकला तरी चित्र पुसट होतं, आणि तिथे त्याची मदत कमी पडते.

भलत्या जागी बसलेला फोकस

दुसऱ्या गठ्ठ्यात एक लाल गाडी होती. तिचं बॉनेट मऊ, पण बॉनेटवर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कातरल्यासारखं स्पष्ट. ऑटोफोकसला ठळक कडा हव्या असतात. चकचकीत एकरंगी रंगावर कडा नसते, प्रतिबिंबाला मात्र असते. प्रतिबिंब पत्र्यावर आहे असं आपल्याला वाटतं, पण फोकसच्या हिशेबाने ते पत्र्याच्या मागे असतं. सपाट काचेत तर बरंच मागे, बॉनेटसारख्या फुगीर भागात थोडं. इथे काही मिलिमीटरचीच सगळी बात असल्याने तेवढं पुरतं.

म्हणून ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठं करायचं आणि हाताने फोकस करायचा, तोही अशा जागी जिथे छापलेलं किंवा कोरलेलं काहीतरी आहे: नंबरप्लेट, दाराची फट, टायरवरची अक्षरं. झूम केल्यावर फोकस जागेवरून सरकतो, म्हणून आधी झूम ठरवायचा, मग फोकस.

सगळीकडून मऊ असलेल्या चौथ्या गठ्ठ्यातल्या बऱ्याच फोटोंचं कारण एका पोलादी पट्टीने सापडलं. त्या लेन्सचं किमान अंतर २५ सेंटीमीटर आहे, पण ते लेन्सच्या तोंडापासून मोजत नाहीत. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ अशी खूण असते, सेन्सर तिथे आहे हे सांगणारी. अंतर तिथून. काकांनी ती खूण इतकी वर्षं पाहिली होती, आता तिचा अर्थ कळल्यावर त्यांनी तिथून पट्टी धरूनच काम केलं.

नाक स्पष्ट, शेपूट पुसट

खरा मामला इथे आहे. काकांना सगळे फोटो ४५ अंशांतून हवे होते, पुढचा चेहरा आणि एक बाजू दोन्ही दिसतील असे. गाड्यांच्या जाहिरातींत तोच कोन असतो आणि तो देखणाच आहे. पण सात सेंटीमीटरची गाडी ४५ अंशांत वळवली, की तिची दिसणारी बाजू कॅमेऱ्यापासून सुमारे ५० मिलिमीटर खोलवर जाते. आणि गाडी चौकटीत भरून घेतली, तर त्या कॅमेऱ्यावर ८ बाय १२ च्या प्रिंटसाठी स्पष्ट दिसणारी खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, किती मिळते? एफचा आकडा म्हणजे अॅपर्चर, लेन्समधल्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. एफ/५.६ ला साधारण ५ मिलिमीटर. एफ/८ ला ७. एफ/१६ ला १४. हवे ५० आणि मिळतात १४. कुठलीही लेन्स लावा, चौकटीत गाडी तेवढीच मोठी दिसत असेल आणि अॅपर्चर तेच असेल, तर या आकड्यांत फारसा फरक पडत नाही.

मग एफ/२२? किट लेन्समध्ये तो आकडा असतो. पण छिद्र फार लहान झालं की त्यातून जाणारा प्रकाशच पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. जवळून काढताना लेन्स सेन्सरपासून पुढे सरकलेली असते, त्यामुळे एफ/२२ प्रत्यक्षात एफ/२७ सारखा वागतो. शेपूट थोडी सुधारते, पण मोबदल्यात सगळी गाडी मऊ होते. काकांच्या चौथ्या गठ्ठ्यात असेही काही फोटो होते.

हे आकडे कागदावर मांडल्यावर काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे टॉलरन्सच पाळता येण्यासारखा नाही." बरोबर. एका फोटोत, त्या कोनातून, त्या अंतरावरून ते जमणारच नव्हतं. त्यांच्या हाताचा किंवा कॅमेऱ्याचा दोष त्यात काहीच नव्हता. हे त्यांना कळणं मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण नेमक्या याच ठिकाणी माणसं पैसे घालवतात किंवा छंद सोडून देतात.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पहिली, कोन. ४५ ऐवजी साधारण २० अंश. बाजूची खोली ५० वरून २५ मिलिमीटरवर आली. चेहरा अजून दिसतो, फक्त बाजूला जास्त मान मिळतो, आणि जुन्या फियाट-अॅम्बेसेडरसारख्या गाड्यांना तो शोभतोही.

दुसरी, अंतर. कॅमेरा साधारण ३० सेंटीमीटरवरून ५५ पर्यंत मागे घेतला, ओट्याच्या लांबीच्या दिशेने. गाडी चौकटीत निम्म्या आकाराची दिसते, खोली जवळपास चौपट होते. मग फोटो कापून गाडी पुन्हा मोठी करायची. कापून मोठं केल्यावर पुसटपणाही मोठा होतो, म्हणून चौपटीतला दुप्पट फायदाच हातात उरतो; हे न सांगता "मागे सरका आणि क्रॉप करा" असा सल्ला देणं अर्धवट आहे. पण दुप्पट पुरलं. २४ मेगापिक्सेलचे ६ उरले, म्हणजे ३००० बाय २०००, आणि १२ इंचांच्या बाजूला इंचाला २५० पिक्सेल पडतात. अल्बमला तेवढं भरपूर. शिवाय दुरून काढल्याने गाडीचं नाक अवाजवी मोठं दिसेनासं झालं.

एफ/८ पासून एफ/२२ पर्यंत एकाच गाडीचे फोटो काढून, प्रिंटच्या आकारात तुलना करून आम्ही एफ/१३ वर थांबलो. त्याला २१ मिलिमीटरच्या आसपास खोली मिळते. मागच्या दिव्याच्या टोकाला किंचित मऊपणा राहतो, तो मान्य केला. एफ/१६ ला शेपूट पूर्ण येत होती, पण नंबरप्लेटवरची अक्षरं बोथट होत होती, आणि काकांना अक्षरं हवी होती.

फोकस नेमका कुठे ठेवायचा, हाही प्रश्न यातच येतो. बाहेरच्या दृश्यांसाठी एक नियम सांगतात, की स्पष्ट खोलीचा एक तृतीयांश भाग फोकसच्या पुढे आणि दोन तृतीयांश मागे पडतो. इतक्या जवळून तो चालत नाही. खोली पुढे-मागे जवळपास समान वाटली जाते. म्हणून हेडलाइटवर फोकस केला तर अर्धी खोली गाडीच्या पुढच्या रिकाम्या हवेत वाया जाते. आम्ही पुढचं चाक आणि दार यांच्या मधल्या फटीवर फोकस ठेवला, आणि मग हेडलाइट स्पष्ट येतो का ते दहापट करून तपासलं. पाहणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जाते. मागचा बंपर जरासा मऊ असला तरी चालतो, हेडलाइट मऊ असेल तर गाडी मेलेली दिसते.

खोलीबद्दल आणखी एक. खरी गाडी आपण काही मीटरवरून पाहतो, तेव्हा ती नाकापासून शेपटीपर्यंत स्पष्ट असते. फोटोत नाक स्पष्ट आणि दार पुसट दिसलं, की वस्तू लहान आहे हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं. पाहणारा ती गाडी खरी मानतो की खेळणं, हे या खोलीवर फार अवलंबून असतं. उंचीचंही तसंच. दीड मीटरवरून पाहणारा माणूस १:६४ मध्ये २३ मिलिमीटर उंचीवरून पाहत असतो. कॅमेरा पिशवीवर ठेवल्यावर लेन्स त्याहून वरच राहते, म्हणून काकांनी गाडीखाली सनमायका लावलेला लाकडी ठोकळा दिला.

पितळी बोलेरो

या गाडीसाठी काका तडजोडीला तयार नव्हते. ४५ अंशच हवे आणि बिजागरीपासून मागच्या स्टेपनीपर्यंत सगळं स्पष्ट हवं. इथे फोकस स्टॅकिंग केलं: कॅमेरा न हलवता एकामागून एक फोटो, दर वेळी फोकस थोडा मागे, आणि नंतर संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एक चित्र. गाडी मोठी असल्याने हे सोपं गेलं. वीस सेंटीमीटरची गाडी चौकटीत बसवली की एफ/८ ला एका फोटोत साडेपाच सेंटीमीटर खोली मिळते, म्हणून साडेतीन-चार सेंटीमीटरची पावलं टाकली तर पाच-सहा फोटोंत काम होतं. सात सेंटीमीटरच्या गाडीला हेच करायचं तर पाच मिलिमीटरची पावलं आणि दहाएक फोटो लागतील. पावलं एकमेकांवर चढायला हवीत, नाहीतर दोन स्पष्ट भागांच्या मध्ये पुसट पट्टा राहतो.

पहिला स्टॅक वाया गेला, कारण खिडकीतून येणारा उजेड. पावसाळ्यातले ढग सरकत होते आणि प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा पडला. पितळेवर ते पट्ट्यापट्ट्यांनी दिसलं. मग पडदा ओढला आणि दोन्ही बाजूंना एलईडी दिवे ठेवून पुढे बटर पेपर ताणला. बटर पेपर रविवार कारंजाच्या बाजूला स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतो, आणि पितळेवरच्या चकाकीचे टोचणारे ठिपके तो मऊ रुंद पट्ट्यांत बदलतो. फोटो जोडायला फोटोशॉप चालतं, हेलिकॉन फोकस खास याच कामासाठी आहे, आणि पैसे खर्च करायचे नसतील तर हगिन या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या साधनांनीही होतं. काकांच्या मुलाने हगिन वापरलं.

काकूंचा फोन

मधल्या काळात काकूंनी त्यांच्या फोनने एका गाडीचा फोटो काढला आणि तो काकांच्या सुरुवातीच्या प्रिंटपेक्षा चांगला आला. सेन्सर लहान असल्याने फोनला अशा कामात खोली सहज मिळते. फोन बिघडतो तो दोन ठिकाणी. एक, माणूस फार जवळ जातो. मुख्य कॅमेऱ्याला पंधरा-वीस सेंटीमीटरच्या आत बहुधा फोकस करता येत नाही. काही फोन तिथे गुपचूप वाइड कॅमेऱ्यावर जातात आणि चित्र मऊ आणि वेडंवाकडं होतं. तीसेक सेंटीमीटरवर राहून दुप्पट झूम करावं, आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस कुलूपबंद करावा. दुसरं, खिशातला आणि स्वयंपाकघरातला तेलकटपणा. लेन्स सुती कापडाने पुसली की निम्म्या तक्रारी जातात.

मॅक्रो लेन्स घ्यायची का

शेवटी काकांनी हे पुन्हा विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. पूर्ण गाडीच्या फोटोसाठी माझं उत्तर नाही असं आहे. मॅक्रो लेन्स अधिक जवळ जाऊ देते आणि धार फार सुरेख देते, पण खोली वाढवत नाही. ती पूर्ण क्षमतेने वापरली, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाची पडली, तर एफ/८ ला स्पष्ट खोली अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर असते. त्यांच्या तिसऱ्या गठ्ठ्याचं दुखणं तिने वाढलंच असतं. १:६४ च्या डॅशबोर्डचे, रिमच्या नटांचे फोटो काढायचे ठरवले तर मात्र तीच लागेल, आणि मग स्टॅकिंगही लागेलच.

काकांना सध्या डॅशबोर्ड नको आहेत. १:६४ च्या गाड्या एफ/१३, आयएसओ १००, लाइव्ह व्ह्यू, दोन सेकंद टायमर, ५५ सेंटीमीटर, २० अंश अशा एकाच मांडणीत निघत आहेत. ही मांडणी त्यांनी टूलरूमच्या सवयीने जॉब कार्डासारखी लिहून ओट्याच्या वरच्या कपाटाला आतून चिकटवली आहे. १:१८ च्या गाड्यांचं कार्ड वेगळं, कारण त्या पंचवीस सेंटीमीटरच्या आहेत, त्यांना एफ/११ ला एकाच फोटोत दहा सेंटीमीटर खोली मिळते आणि कॅमेरा मीटरभर मागे न्यावा लागतो. कडाप्प्याचा ओटा तेवढा लांब नाही. त्यांच्यासाठी भिंतीत पक्का बसवलेला दुसरा कडाप्पा कुठे टाकता येईल, याची मापं काका गॅलरीत घेत आहेत.